माझी बेडरूम पाडून मिळण्याबाबत

प्रति,
मा. अतिक्रमण निर्मूलन अधिकारी,
नगरपालिका कार्यालय.

विषय : मी भाड्याने राहत असलेल्या घराची एकमेव बेडरूम पाडून मिळणेबाबत.
संदर्भ : घरमालकांनी, मी झोपले आहे असे समजून, माझ्या उशाशी उभे राहून दिलेली माहिती.

महोदय,

१. मी आपल्याच पाणीपुरवठा विभागात रात्रपाळीची पंपचालक आहे. पहाटे गल्लीचा व्हॉल्व्ह उघडून घरी येते आणि दिवसा झोपते. घरमालक वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या घरी पाणी जाते ते माझ्या हाताने, आणि एवढे होऊनही मी ते एकदाही तोडलेले नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

२. माझा करार अजून संपलेला नाही. तरीही घरमालकांना जास्त भाडे देणारे कोणी हवे असल्याने ते स्वतःच्या किल्लीने दार उघडून लोकांना घर दाखवतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी संकोचाने डोळे मिटून पडून राहिले. ते पाहुण्यांना म्हणाले, "बघा, भरदुपारी कशी गाढ झोपली आहे बाई. एवढी शांतता दुसरीकडे मिळायची नाही." म्हणजे मी त्यांच्या जाहिरातीच्या कामी आले. पाहुण्यांची बायको हळूच म्हणाली की त्यांना उठवू नका हो. त्या बाईंचे भले होवो.

३. त्यानंतर हे नित्याचेच झाले. एक गृहस्थ वारा कसा येतो ते पाहण्यासाठी माझ्या पायाशी बसले. दुसऱ्यांना डबल बेड मावेल का हे मोजायचे होते. त्यांची टेप माझ्या पोटावरून गेली. मी घरमालकांना भेटून तक्रार केली, तर ते म्हणाले, "ताई, तुम्ही झोपलेल्या असता, तुम्हाला कसला त्रास?" त्या दिवसापासून मी झोपत नाही, झोपेचे सोंग घेते. सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात, पण त्याला ऐकू मात्र सगळे येते.

४. मागच्या आठवड्यात एका पाहुण्याने भिंतीवर टिचकी मारून ही भक्कम आहे ना, असे विचारले. घरमालक खुलले. "अहो, मुळात हा उघडा व्हरांडा. परवानगी मागत बसलो असतो तर म्हातारा झालो असतो. भिंती घातल्या, झाली बेडरूम. वरची आमची बेडरूम याच भिंतींवर उभी आहे, आता बोला." महोदय, इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच अंथरुणात बरे वाटले.

५. तरी ही बेडरूम बेकायदेशीर ठरवून त्वरित पाडावी, ही विनंती. ती पडली की वरची राहणार नाही, हे मी समजून उमजून लिहीत आहे. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकून करते आहे, असे माझी धाकटी बहीण म्हणते. नाक माझे आहे. मी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून झोपेन. मला राग आला आहे आणि तो मी लपवीत नाही.

६. पाहणीस येताना नोटीस पाठवू नये, ते सावध होतील. आपण दुपारी साध्या कपड्यांत यावे आणि घर भाड्याने पाहायचे आहे एवढेच सांगावे. किल्ली त्यांच्याकडे आहे. भिंतीवर एक टिचकी मारावी, पुढचे ते स्वतःच सांगतील. मी पलंगावर डोळे मिटून पडलेली असेन, मला ओळख दाखवू नये.

मात्र पाडण्याचा दिवस मला आधी कळवावा. आदल्या रात्रीची मी रजा काढीन, रात्रभर शांत झोपेन, आणि सकाळी अंगणात खुर्ची टाकून उघड्या डोळ्यांनी हजर राहीन.

आपली,
तूर्त त्याच बेडरूममध्ये पडून असलेली,
(सही)
पंपचालक, रात्रपाळी

सोबत :
१) भाडेकराराची प्रत.
२) पाहुणे माझ्या पांघरुणावर विसरून गेलेली टेप. मोजमापाच्या कामी यावी.