पाटल्या कपाटात शोधू नयेत

मी, सगुणाबाई भिवाजी शेडगे, राहणार कासार आंबोली, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, वय आधार कार्डाप्रमाणे त्र्याहत्तर (खरे वय कार्ड काढणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि मलाही नाही), धंदा शेती व घरकाम, शिक्षण दुसरी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे आज बावधनला आहेत. वकील म्हणाले, मधले बोलणे गाळू. मी म्हटले, मग तुमचे मृत्युपत्र तुम्ही करा, माझे मी करते.

१. राहते घर माझ्या नावावर आहे, ते धाकटा मुलगा शंभू यास द्यावे. तो कोणाचे ऐकत नाही, पण घराचे पत्रे त्यानेच बदलले आणि माझे औषधपाणी तोच बघतो. भाताची खाचरेही त्यालाच.

२. थोरला मुलगा दादासाहेब याने त्याच्या वाट्याची जमीन विकून बावधनला फ्लॅट घेतला. त्याला वाटा पोचला आहे, पुन्हा मागू नये. माझ्याकडे त्याची एक वस्तू आहे, ती कलम चारमध्ये.

३. माझ्या सोन्याच्या पाटल्या. त्या मुलगी हेमलता हिला देईन असे मी चार माणसांत बोलले होते. त्या आता नाहीत. कपाट फोडू नये, गादी उसवू नये, भाडेकरूंवर आळ घेऊ नये. मी स्वतः सोनाराकडे जाऊन मोडल्या. त्यातून शंभूची मुलगी वैष्णवी हिची डोंगर चढण्याच्या शिक्षणाची फी भरली, बूट घेतले आणि पाठीवरची सॅक घेतली. दिवाळी झाली की ती उत्तराखंडात जाईल. तिकडून शिकून आली की इकडच्या डोंगरांवर लोकांना नेण्याचे काम करणार, लग्नाचे पुढे बघणार. हे घरात तिला आणि मला सोडून कोणालाही पसंत नाही.

४. सॅकेबद्दल सविस्तर लिहिते, कारण उद्या कोणीतरी म्हणेल की म्हातारीने पिशवीपायी सोने घालवले.

पहिली सॅक दादासाहेबाने दिली. त्याच्या मुलाची, शैलेशची. ती एकदा सिंहगडावर गेली आहे, गाडीतून. तिला इतके कप्पे की ठेवलेली वस्तू सापडत नाही, आणि रिकामी असतानाच भरल्यासारखी लागते. वैष्णवी उंचीला माझ्यावर गेली आहे, म्हणजे बुटकी. तिच्या पाठीवर ती घातली तर मागून पोरगी दिसेना, नुसती सॅक चालत निघाली. दादासाहेब म्हणाला, मजबूत आहे, जन्मभर टिकेल. मी म्हटले, "सॅक टिकंल रं, पोरगी न्हाई टिकायची." ती सॅक माळ्यावर आहे. ती दादासाहेबास परत द्यावी. शिडीवरून त्याने स्वतः उतरवावी, शंभूला हाक मारू नये.

दुसरी शंभूने बाजारातून आणली. हलकी होती, कागदासारखी. पौडला युनूसभाई शिलाईचे दुकान चालवतात, त्यांना म्हटले पट्टा जरा पक्का करून द्या. त्यांनी पट्टा ओढून बघितला तर तो हातातच आला. म्हणाले, "काकी, टाका घालायला आधी कापड लागतंय." पोरगी जाऊ नये म्हणून शंभूने मुद्दाम असली आणली, असा माझा संशय आहे. तो नाही म्हणतो. संशय कायम ठेवून मी मरेन.

मग मी आणि वैष्णवी पुण्याला दुकानात गेलो. मी घरचा आंबेमोहोर पिशवीत बांधून नेला होता. दुकानदार सॅक भरून दाखवायला वाळूच्या पिशव्या काढू लागला, पण त्याच्या वाळूचे वजन त्याला माहीत, माझ्या तांदळाचे मला. तांदूळ आत घातला आणि आधी मी घालून बघितली. दुकानातले लोक बघत होते, बघू दे.

जन्मभर मी ओझे डोक्यावर वाहिले. कापडाची चुंबळ डोक्यावर ठेवली की हंडा असो, भारा असो, मान ताठ ठेवून चालायचे. पाठीवरचे ओझे मला ठाऊक नव्हते. या सॅकेला कमरेचा रुंद पट्टा असतो. मी तो लुगड्याच्या गाठीवर, पोटावर आवळला. श्वास कोंडला, खांदे मागे ओढायला लागले. म्हटले, ही पण नको, चल घरी. तेव्हा वैष्णवी म्हणाली, "आजे, तितं न्हाई. खाली घे, हाडावर. पोर घेतीस तितं."

पट्टा कमरेच्या हाडावर बांधला आणि खांदे मोकळे झाले. तांदूळ तेवढाच, पण गेला कुठे ते कळेना. माझी तिन्ही पोरे मी त्याच हाडावर वागवली आहेत, वर एका हाताने भाकरी थापली आहे. म्हणजे सॅक कडेवर घ्यायची असते, पाठीला ती नुसती टेकते. हे मला आधी कोणी सांगितले नव्हते.

दुकानदाराकडे याहून हलकी होती, पण तिचा कमरेचा पट्टा म्हणजे नाडी. काट्यावर हलकी, अंगावर जड. याहून मोठीही होती. मोठी घेतली नाही, कारण जागा असली की माणूस भरतो, माझा माळा बघा. शेवटी दुकानदाराने टेप लावून वैष्णवीच्या मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत पाठ मोजली आणि त्या मापाची दिली. महाग आहे. रंग मला आवडलेला नाही.

५. सॅक व बूट वैष्णवीचे आहेत, माझ्या हयातीत दिलेले आहेत, त्यात कोणाचा वाटा नाही. शिवाय घरामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांपैकी रस्त्याकडची तिला द्यावी. तिथे तिने दोर, तंबू काय ते ठेवावे. लग्न झाले तरी खोली तिची, न झाले तरी तिची.

६. दुसरी खोली हेमलतास. पाटल्या मी बोलले होते, खोली बोलले नव्हते. भाडे तिच्या हातात द्यावे, जावयाच्या नाही. तरी ती रुसेल. रुसू द्यावे, तिला कारण आहे.

७. दहाव्याबद्दल. माझे यजमान भिवाजी वारले तेव्हा दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढले, लोकांना घरी जायचे होते. तेव्हा दादासाहेबाने हात जोडून सांगितले, "आबा, हेमलताचं लगीन वरसाच्या आत करतो." कावळा आला. हेमलताचा तेव्हा नर्सिंगला नंबर लागला होता. मयताला शब्द दिला म्हणून तिथून तिचे नाव काढून घेतले आणि लग्न लावले. कावळा आला कारण त्याला भूक लागली होती. यजमानांना तिच्या लग्नाची घाई नव्हती, नर्सिंगचा फॉर्म भरायला तेच तिला घेऊन गेले होते.

माझ्या दहाव्याला असे चालणार नाही. वैष्णवीचे लग्न, तिचे घरी परत येणे, असला कोणताही शब्द पिंडासमोर माझ्या नावाने दिल्यास तो रद्द समजावा. मी गेले तेव्हा ती डोंगरात असेल तर तिला बोलावू नये. उतरली की सांगावे.

आणि कावळा शिवलाच नाही, तर दादासाहेबाने मागे सरावे. हेमलताने पुढे येऊन एवढेच म्हणावे, "आये, सॅक परत मागत न्हाई." सॅक झाली ती तिला बोललेल्या पाटल्यांची, म्हणून दुसऱ्या कोणी म्हटलेले मला चालणार नाही. तिने म्हटले की माझे पोचले. मग कावळ्याची वाट बघू नये, जेवायला बसावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी दोनदा थांबवून दुरुस्त केला, आता बरोबर आहे.

सही: सगुणाबाई भिवाजी शेडगे (अंगठा नाही, सही आहे)

साक्षीदार:
१. युनूस दस्तगीर आतार, शिलाईकाम, पौड. पट्टा माझ्या हातात आला ही गोष्ट खरी आहे.
२. डॉ. निरंजन गोसावी, पौड.

ठिकाण: कासार आंबोली
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५