आतून लागणारी कडी

देऊळघाट

मुबीना बहेन,

आज ग्रामसभेत माझा ठराव पास झाला! बाजारात बाळाला पाजण्यासाठी खोली, आणि पंचायतीच्या कामावरच्या बायांना पाजायला भरपगारी सुट्टी. अर्ज माझा, अक्षरही माझं. चौथी शिकलेल्या सुताराने सगळे नियम स्वतः वाचून काढले.

तशी खोली नावाला दोन वर्षांपासून होती, पण कडी फक्त बाहेरून. आत झाडू आणि मोडक्या खुर्च्या. सरपंच म्हणाले, "रहेमतुल्लाभाई, एका कडीसाठी काऊन भांडून राह्यले?" मी म्हणालो, "बाहेरून कडी गोदामाले असते, साहेब. मायले ती आतून लागते." बाया अशा हसल्या, की सगळे हात वर झाले.

सभा संपताच कडी मीच बसवली. जमिनीपासून बरोबर तीन फूट, बसल्याजागी हात पोचेल अशी. उंद्रीच्या भाजीवालीने ती पहिल्यांदा लावली. सरपंचांनी दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "थांब ना बे, पोरगी दूध पिऊन राह्यली!"

बारा वर्षांपूर्वी तू बाजारातल्या आपल्या बांगड्यांच्या दुकानावर तान्ह्या फैजानला पाजत होतीस. मी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो होतो, "लाज नाही का? घरी जा." तू गेलीस, ती दुकानावर परत आलीच नाहीस. हे मी सभेत सांगितलं नाही.

हे पत्रही टाकणार नाही. माफी कागदावर मागायची नसते. उद्या साखरखेर्ड्याला तुझ्या दारी येतो. बाजारातली तुझी जागा मी अजून कोणाला दिलेली नाही.

तुझा चुकलेला, पण आज जिंकलेला भाई,
रहेमतुल्ला