बोटीवर नेऊ नयेत अशा वस्तू

चामराजपेट, बेंगळुरू
रविवार, दुपार

ती. अक्का,

दामूचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. निपाणीच्या थंडीत तुझा गुडघा कुरकुरत नसेल अशी आशा. इथे सगळे खुशाल, म्हणजे कोणी कोणाशी बोलत नाही एवढंच. (फोन केला असता, पण या घरात भिंतींपेक्षा सूनबाईचे कान जवळ आहेत.)

चिरंजीव अजिंक्यने आमच्या लग्नाच्या अडतिसाव्या वाढदिवसाला आम्हा दोघांना चेन्नईहून पाच दिवसांची बोटीची सहल दिली, हे तुला कळलंच असेल (आमच्या सौ. विठाबाईने ज्याला कळवलं नाही असं कोणी उरलेलं नाही). आज सूनबाई प्रियदर्शनी बोटकंपनीचा कागद घेऊन आमची बॅग तपासायला बसली. बायकोच्या बाजूने निघालं ते असं: समई, तेलाची बाटली, कापूर, दोन काडेपेट्या, नैवेद्यापुरती विजेची शेगडी आणि मधोमध टॉवेलात गुंडाळलेले देव. बोटीवरच्या खोलीत रोजची पूजा करायचा बेत होता. कागदात देवांना बंदी नव्हती, बाकी सगळ्याला होती. भर समुद्रात काडी ओढायला निघालेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. (माझी इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्डही बाहेर काढला, पण त्यामागे विचार होता.)

विठाबाई म्हणाली, दिवा लागणार नसेल तर मी येत नाही. याच कारणाने ती लग्नापासून एक रात्र घराबाहेर राहिलेली नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही सकाळी जाऊन संध्याकाळी परतली. मी तिला अर्धा तास समजावलं की देव काही रोजची हजेरी घेत नाहीत. शेवटी मीच मन मोठं केलं आणि पूजेसाठी घरी थांबायचं ठरवलं. माझ्या जागी सूनबाई जाते आहे. असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे तू तिला जरूर सांग.

तुझा धाकटा,
दामोदर

ता. क. मन मी मोठं केलं नाही. माझं भाषण संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "सरी, ठीक आहे. देव हजेरी घेत नाहीत ना? मग पाच दिवस तुम्हीच पूजा करा." सूनबाईने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावून नाव बदलून घेतलं.

आणखी एक. नंतर विठाबाई देव्हाऱ्यासमोर बसून रडली, मग उठून बॅगेत नवी साडी भरली. तिने जायलाच हवं, अक्का. मघाशी मी देव परत देव्हाऱ्यात ठेवायला गेलो, तर ते कुठल्या क्रमाने बसतात हेच मला ठाऊक नाही. अडतीस वर्षं रोज समोरून गेलो. तिला विचारलं तर ती बॅग पुन्हा रिकामी करील. देव अजून टॉवेलातच आहेत. तेव्हा उलट टपाली कळव: आधी कोण?