तांदळातलं नाव

सातारा, शुक्रवार

चि. भार्गवी,

रागाच्या भरात लिहिलेलं पत्र पाठवू नये, एवढं कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. लिहूच नये, असं कुणी शिकवलं नाही.

रविवारी सांगलीत तुझं लग्न. अनीश ताटातल्या तांदळात अंगठीने तुझं नवं नाव लिहिणार. तू म्हणतेस, "आत्या, नाव माझं, निर्णयही माझा." मान्य. पण शेजारची शलाका लग्नात नाव बदलायला तयार नाही. तिची लोणंदची होणारी सासू काल फोनवर तिच्या आईला म्हणाली, "आवं, प्राध्यापक भार्गवी बदलतीया, मग तुमच्या पोरीचंच काय अडलंय?" तुझा निर्णय असा तिच्या गळ्यात पडला.

त्यात तू नाव निवडलंस क्षमा. माझं. मी विरघळेन असा तुझा हिशेब. अर्धा दिवस विरघळलेही. मग शलाकाची आई रडत आली.

नाव बदलण्याची एवढी हौस असेल, तर ती अनीशनेही करावी. तुझ्या आजोबांचं गंगाधर हे नाव सध्या मोकळं आहे. ताट मोठं घ्या, दोन्ही नावं मावतील.

तुझी,
आणि रविवारपर्यंत घरातली एकुलती एक,
क्षमाआत्या