नऊ टोपल्यांचं मैदान

सर, या उन्हाळ्यात अकोल्याच्या आमच्या कॉलेजामागच्या पडीक जागेत मी एक मैदान आखलं. तुम्ही असता तर आधी हसला असता. थाळीफेकच आहे, पण थाळी प्लास्टिकची, छोट्या ताटलीएवढी, आणि ती किती लांब गेली हे मोजायचं नाही. खांबावर साखळ्या लावलेली लोखंडी टोपली असते. तिच्यात पडेपर्यंत ती चकती जिथे पडली तिथे जाऊन, उचलून, पुन्हा फेकायची. ज्याला कमी वेळा फेकावं लागलं तो जिंकला. डिस्क गोल्फ म्हणतात याला. मोठ्या मैदानात अठरा टोपल्या असतात, आमच्याकडे जागा थोडी, म्हणून नऊ. प्राचार्यांचं म्हणणं एवढंच होतं की हे सगळ्यांना खेळता आलं पाहिजे. खेळाडू पोरींना, ज्यांनी जन्मात काही फेकलं नाही त्यांना, आणि निवृत्तीला आलेल्या आमच्या ग्रंथपालांनाही.

म्हणून प्रत्येक टोपलीसाठी मी तीन रेघा ठरवल्या. सगळ्यात जवळची पांढरी, नवख्यांची. तिच्या मागे पिवळी. त्याही मागे, कडुनिंबाच्या फांद्या वाट अडवतील अशा ठिकाणी, लाल. पहिली टोपली मुद्दाम सरळ आणि जवळ ठेवली, कारण पहिल्याच फेकीत माणूस खट्टू झाला की तो परत येत नाही. दुसरी कडुनिंबाला वळसा घालून. चौथी नाल्याच्या काठावर, तीही अशी की पांढऱ्या रेघेवरून नाला मध्ये येतच नाही. पंधरा दिवस मी टेप आणि फक्कीची बादली घेऊन त्या काळ्या मातीत फिरत होते. भेगा एवढ्या पडल्या होत्या की टेपचं टोक आत जायचं. सहावी टोपली मी तीनदा हलवली. तिच्या मागून होस्टेलच्या पोरींची मेसकडे जायची पायवाट आहे. खड्डे खणणारे वैतागले. माझ्यासोबत शिकवणारा एक तरुण सहकारी आहे, नांदगाव पेठचा, तो शेवटी म्हणाला, "मॅडम, प्लास्टिकची तर चकती हाय. आन् त्या पायवाटेपर्यंत पोचते कोन? पांढऱ्या रेघेवरल्या पोरी?"

मला त्याला सांगता आलं नाही, सर. चांगल्या फेकणाऱ्याची मला भीती वाटत नाही. त्याची थाळी कुठे पडणार हे सगळ्यांना माहीत असतं, लोक तेवढे लांब उभे राहतात. भीती कच्च्या हाताची. रोज अर्ध्यावर पडणारी थाळी एखाद्या सकाळी कुठे जाईल, हे त्या फेकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुम्हाला हे सांगायला नको.

नांदगाव खंडेश्वरच्या आपल्या शाळेत थाळी फेकणाऱ्या आम्ही दोघीच मुली होतो. मी, आणि विहाराच्या मागे राहणारी ती माझी मैत्रीण. वडील गवंडी होते तिचे. ती अनवाणी फेकायची आणि तरी माझ्या दीडपट लांब टाकायची. जिल्ह्याला तीच जाणार हे ठरलेलं होतं. मला तुम्ही सरावाला जोडीदार पाहिजे म्हणून ठेवलं होतं, आणि ते मला कळत होतं. "हातानं नाई फेकत व, कमरेनं फेकतेत," असं तुम्ही मला हजारदा ओरडून सांगितलं असेल. त्या सकाळी प्रार्थनेच्या आधीचा अर्धा तासच वेळ होता. ती आपली थाळी टाकून ती आणायला गेली होती. गवत वाढलेलं होतं, ती वाकून शोधत होती. मी वर्तुळात थाळी घेऊन उभी. तुम्ही घड्याळ पाहत होतात.

"टाक न व. काय पाहून राहिली?"

"सर, ते तिकडं हाय."

"तुही थाळी जाते का तिथलोक? टाक."

तुम्ही हे चिडून म्हणाला नव्हतात, नेहमीसारखंच म्हणालात. पण मला ते लागलं. मी ओरडून तिला आवाज देऊ शकले असते. दिला नाही. मी कमरेनं फेकली. थाळी हातातून सुटताच मला कळलं की आज ती वेगळी गेली आहे, आणि एक क्षणभर, सर, मला इतका आनंद झाला होता. आजही तो आठवला की मी जिथे असेन तिथे खाली बसते. मग गवतात वाकलेली ती सरळ झाली, थाळी सापडली म्हणून हात वर करून आमच्याकडे वळली. तो माझा आयुष्यातला सगळ्यात लांब थ्रो. कुणी मोजला नाही.

तुम्ही तिला दोन्ही हातांवर उचलून रस्त्यापर्यंत पळालात, एका मालाच्या टेम्पोला आडवे झालात आणि तसेच अमरावतीला गेलात. संध्याकाळी परत आलात तेव्हा तुमचा पांढरा शर्ट वाळून कडक झाला होता. डावा डोळा गेला, जीव वाचला, एवढंच तुम्ही हेडमास्तरांना सांगितलं.

चौथ्या दिवशी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कागद होता, तुमच्या अक्षरातला. सदर विद्यार्थिनी सूचना न ऐकता व परवानगी न घेता फेकीच्या क्षेत्रात शिरली, असं त्यात होतं. हेडमास्तर म्हणाले, "हे लोक उद्या तहसीलवर जातीन. सोबत असलेल्या मुलीची सही पाहिजे." तुम्ही खिडकीशी पाठमोरे उभे होतात. तुम्ही वळला नाहीत, पण म्हणालात, "आधी वाच." मी वाचला. मग परत एकदा वाचला. तुम्ही म्हणालात, "पटत नसन तं नको करू. माह्यं मी पाहून घेईन."

मी सही केली. तुमची नोकरी जाईल, घरी तुमच्या तीन मुली आहेत, म्हणून केली, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्या कागदात थाळी कुणी टाकली हे लिहिलंच नव्हतं. माझं नाव फक्त खाली, साक्षीदार म्हणून होतं. ते मला दुसऱ्यांदा वाचताना दिसलं.

तिचे वडील शाळेत आले, त्यांना तो कागद वाचून दाखवला. त्यांचे हात सिमेंटनं फाटलेले होते, ते जोडून निघून गेले. महिन्याभरात ते बिऱ्हाड अकोल्याला गेलं. तुम्ही एका दुपारी फावडं घेऊन ते वर्तुळ स्वतः बुजवलंत आणि पुन्हा कुणाला थाळी शिकवली नाहीत. मला मात्र सोडलं नाहीत. अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात माझा फॉर्म तुम्ही भरलात, एसटीनं माझ्यासोबत आलात, होस्टेलच्या दारात माझ्या हातात नव्या बुटांचा डबा दिलात. माझ्याकडे न पाहता म्हणालात, "पायात काही घालूनच खेळत जाय." मी तुमच्या पाया पडले. तुमच्या शेवटच्या आजारपणातही तुमच्या उशाशी दोन दिवस बसले होते. आपण पावसापाण्याचं बोललो, माझ्या बदलीचं बोललो. तुम्ही एकदा माझा हात धरून काहीतरी म्हणू लागलात, आणि मी पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. ते मी मुद्दाम केलं होतं.

गेल्या रविवारी मैदान बाहेरच्या लोकांना खेळायला उघडलं. शहरातल्या सरकारी कार्यालयांतल्या बायका आल्या, साड्या खोचून, आपसात हसत. त्यांच्यात ती होती. चेहऱ्यावरून मी ओळखलं नसतं, जाड झाली आहे, चष्मा आहे. पण चकती हातात घेतल्यावर तिनं पाय जसे टाकले त्यावरून ओळखलं. मी तिला पांढरी रेघ दाखवली.

"काहून?" ती म्हणाली. "मी नवखी हाय का?"

ती लाल रेघेवर गेली. पहिली चकती बाभळीत गेली. दुसरी टोपलीच्या पुष्कळ अलीकडे पडली. एका डोळ्यानं अंतर समजत नाही, सर. मी तीन रंगांच्या रेघा आखल्या आणि हा विचार माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. बाकीच्या बायका पुढे निघून गेल्या. ती प्रत्येक टोपली पुरी करूनच पुढे जात होती, कुठे सात फेकी, कुठे नऊ. मी तिच्या मागे चकत्या उचलत चालले होते. सहाव्या टोपलीपाशी ती दम खायला थांबली.

"तुह्यं नाव वाचलं होतं पेपरात, मैदानाची बातमी होती तवा. म्हनूनच आली."

मी मान हलवली.

"बाप मरेपर्यंत मलेच बोलला. ऐकाले काय झालं होतं तुले, म्हने." ती पायवाटेकडे पाहत होती. तिथून दोन पोरी ताटं घेऊन चालल्या होत्या. "मी म्हनो, सरानं आवाजच नाई देला. तं म्हने, मंग तुह्या मैत्रिनीनं सही काहून केली?" मग तिनं मान पूर्ण वळवली, कारण मी तिच्या डाव्या बाजूला होते. "एक सांग. तो कागद वाचला होता का तू, सही कराच्या आधी?"

"नाही," मी म्हणाले. "सरांनी समोर ठेवला. मी केली."

तिनं श्वास सोडला. इतकी वर्षं धरून ठेवल्यासारखा नव्हे, साधाच, चालून दमलेल्या बाईचा. "मले वाटलंच," ती म्हणाली. "बापालेबी मी हेच सांगितलं. वाचला नसन तिनं, म्हटलं, ते तशी नाई." आणि चकती उचलून सातव्या टोपलीच्या लाल रेघेकडे चालू लागली.

तुम्ही त्या दिवशी मला आधी वाच म्हणाला होतात, हे सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी नाही. तिच्यापुढे मी तुम्हाला माझ्या जागी उभं केलं, तुम्हाला बोलता येत नाही हे माहीत असून. हे लिहून मी वहीतच ठेवणार आहे. तिला ते कधी दाखवेन असं मी म्हणत नाही. जाताना ती म्हणाली की पुढच्या रविवारीही येईन. मला बरं वाटलं, सर.