पलंगाची हद्द

मंगळवार, ९ सप्टेंबर
शी! पलंग मोजायला माणूस येणार म्हणे. डेलाच्या शाळेतून, ओकमिअरमधून, फोन आला. माझी ही नात घराच्या टिल्डनकडच्या बाजूला झोपते, अशी कुणीतरी चहाडी केलीय. झोपते, खरंच आहे. तिची खोलीच तिकडे आहे. ओकमिअर आणि टिल्डन, दोन्ही शाळांची हद्द माझ्या स्वयंपाकघरातून जाते. पूर्वी इथे ओढा होता, त्यावरून ती आखलेली. ओढा पाइपात घालून बुजवला, वर घर बांधलं — हद्द तिथेच! आणि मूल ज्या बाजूला झोपतं त्या बाजूची शाळा त्याची, हा नियम.

गुरुवार, ११
शाळा चालतात घरपट्टीवर. ओकमिअरच्या हद्दीत मॉल आणि गोदामं. टिल्डनकडे काय? बंद पडलेली पोलादाची गिरणी. शाळेसाठी करवाढ मताला टाकली की आमची म्हातारी मंडळी पाडतात — त्यांची नातवंडं शिकून गेली ना! ऑगस्टमध्ये पुन्हा पाडली, तर टिल्डनच्या शाळेने पहिली कुऱ्हाड घातली ती तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंवर.

डेलाला त्याच बाई हव्यात. ओकमिअरला तशा आहेत. परवाच तिने फोनवर आईला आपलं पूर्ण नाव न अडखळता सांगितलं. लेक बिचारी ट्रक चालवता चालवता रडली.

शनिवार, १३
पलंग जेवणघरात आणला, ते ओकमिअरच्या बाजूला. टेबल भिंतीला, खुर्च्या उलट्या टेबलावर. पियरोगी, त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, उभ्याने खाल्ल्या. किळस येते या सगळ्याची.

मंगळवार, १६
सकाळी सकाळीच आला तो मोजणारा. प्रुइट नाव. हातात नकाशा नि टेप. पोरगी अजून पांघरुणात, आणि हा गुडघ्यावर बसून पलंगाचे पाय मोजतोय! तिला विचारलं, रोज इथेच झोपतेस का? ती बोलायला गेली, शब्द अडकला. हा घड्याळ बघत उभा. लाटणंच डोक्यात घालावंसं वाटलं.

पलंग ओकमिअरच्या हद्दीत बसला. मी चिडून म्हटलं, ही माझी नात असल्याचा दाखला पण हवाय का?

"नातं आम्ही बघत नाही बाई," म्हणाला. "पोर कुठं झोपतं, एवढंच बघायचं."

बुधवार, १७
चहाडी लॉरेटाची. समोरची! काल प्रुइटची गाडी गेल्यावर खिडकीतून बघत होती, म्हणून जाऊन तोंडावरच विचारलं. तिने नाकारलं नाही. तिची पोर कोरिन डेलाच्याच वर्गात होती, तशीच अडखळणारी. हिवाळ्यात तिला ओकमिअरने शाळेतून काढलं, लॉरेटाने आपल्या बहिणीचा तिकडचा पत्ता दिला होता म्हणून.

"तुझं जेवणघर तरी तिकडं आहे. माझं अख्खं घरच इकडं गं. कोरिन आता घरात पण बोलत नाही."

म्हणून माझ्या पोरीवर उठायचं? थू! दार आपटून आले.

शुक्रवार, १९
लॉरेटाशी बोलत नाही. बोलणारही नाही.

कोरिन पायरीवर बसलेली दिसते. डेला तिच्याशी बोलते, ती नुसती मान हलवते.

रविवार, २१
जेवणाचं टेबल विकून टाकलं. तिथे दुसरा पलंग मावतो. लॉरेटाला एवढंच सांगून आले — कोरिनला येताना तिची उशी आणू दे.