जावई पाठवत नाही

माय, जयभीम.

सातवा लागला की तू मले न्यायले येशील. नको येऊ वं, यावेळी बाळंतपण नागपुरातच होईल. माह्यं रक्त यांच्या रक्ताशी जुळत नाही, म्हणून लेकराचं रक्त जन्मताच बदलावं लागते म्हणे. मोठमोठे डॉक्टर यांच्या मिलचं विम्याचं कार्ड पाहूनच नकार देत. शेवटी सक्करदऱ्याच्या डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या.

थोरल्याच्या पाठची दोन्ही लेकरं तुह्या घरी पिवळी पडून गेली. तू त्यायले मांडीवर घेऊन कोवळ्या उन्हात बसत होती. हे वाचलं तर तू जन्मभर स्वतःलेच दोष देशील. म्हणून हे पत्र पेटीतच राहील. तुले एकच ओळ धाडीन: जावई हट्टी आहे, पाठवत नाही.

हे म्हणाले, "लिही. शिव्या मले देऊ दे."

तुही,
प्रेमिला